लॅम्बोवर बेअर्सची जर्सी घालून

माझा आतेभाऊ वीस वर्षं नेपरव्हिलला राहतोय, शिकागोच्या जवळच, आणि पक्का बेअर्सवाला, म्हणजे शिकागोच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा भक्त झालाय. जानेवारी २०२५ ला मी त्याच्याकडे होतो तर म्हणाला, ५ तारखेला ग्रीन बेला जायचं, तिथल्या पॅकर्स टीमबरोबर बेअर्सची सीझनची शेवटची मॅच आहे, तिकिटं मिळालीत. मला अमेरिकन फुटबॉल फारसा कळत नव्हता पण खुन्नस कळते, मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण या टीमच्या फुटबॉल मॅचेस बघत मोठा झालोय.

पहाटे निघालो, वहिनीनं धपाटे बांधून दिलेले, मिलवॉकी मागं पडेपर्यंत दादा एकच गोष्ट सांगत होता. नोव्हेंबरात शिकागोतच सोल्जर फील्डवर मॅच होती, पॅकर्स २०, बेअर्स १९, शेवटचा सेकंद, बेअर्सच्या कैरो सँतोसनं किक मारली, दोन खांबांच्या मधून गेली की जिंकले, आणि पॅकर्सच्या माणसाचा हात लागला बॉलला. सलग अकरावी हार! डिसेंबर २०१८ नंतर एकदाही पॅकर्सला हरवलेलं नाही. हे सांगताना त्याचा आवाज बसला होता. यंदाही बेअर्सनी सोळापैकी चारच जिंकलेल्या, पॅकर्स आधीच प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, म्हणजे टेबलात या मॅचला बेअर्सच्या लेखी काहीच अर्थ नव्हता, तरी आम्ही साडेतीन तास गाडी हाणत चाललेलो.

ग्रीन बे म्हणजे लाखाच्या थोड्या वर वस्तीचं गाव आणि पॅकर्सच्या लॅम्बो फील्ड स्टेडियममध्ये माणसं मावतात ८१ हजार. आजूबाजूची सगळी घरं अंगणात पैसे घेऊन गाड्या लावून घेतात. आम्ही लावली ती एका आजींच्या अंगणात. दादाची निळी-केशरी जर्सी बघून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि लगेच पुठ्ठ्याचे चार तुकडे आणून दिले, पायाखाली घ्या म्हणाल्या, खालचं काँक्रीट पाय गोठवतं. मग आत बोलावून भिंतीवरचं फ्रेम केलेलं शेअर सर्टिफिकेट दाखवलं. पॅकर्सला एक मालकच नाही, पाच लाखांवर शेअरहोल्डर आहेत, डिव्हिडंड मिळत नाही, शेअर विकून फायदाही होत नाही, तरी लोक घेतात. मला लगेच आमच्या तालमी आठवल्या, पेठेची टीम ती पेठेची.

पार्किंगमध्ये सकाळपासून शेगड्या पेटलेल्या, ब्राट नावाचे सॉसेज भाजायचा वास, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यावर चीजच्या तुकड्यासारखी पिवळी टोपी. इलिनॉयची, म्हणजे शिकागोकडची माणसं विस्कॉन्सिनवाल्यांना, म्हणजे ग्रीन बेकडच्यांना चीजहेड म्हणून चिडवायची, तर १९८७ साली मिलवॉकीच्या एकानं सोफ्याचा फोम कापून चीजची टोपीच केली आणि मॅचला घालून गेला. शिवी होती, तिचा मुकुट केला. मला हे फार म्हणजे फार आवडलं.

आणि आजींनीच सांगितलेली एक गोष्ट. १९५६ ला हे स्टेडियम बांधायचं की नाही यावर गावात मतदान होतं, तेव्हा बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस स्वतः इथं येऊन भाषण करून गेले, स्टेडियमला मत द्या म्हणून. म्हणजे कट्टर दुश्मन आला समोरच्याची टीम वाचवायला! १९५७ ला स्टेडियम उघडलं तेव्हा पहिली मॅच बेअर्सशीच झाली आणि पॅकर्सनी ती २१-१७ नं जिंकली.

दुपारी मॅच सुरू झाली, बसायला ॲल्युमिनियमचे नुसते बाक, खांद्याला खांदा, थंडीनं दात वाजत होते. आमच्या भोवती सगळा हिरवा-पिवळा समुद्र. सुरुवातीलाच बेअर्सच्या जोश ब्लॅकवेलनं पॅकर्सचा पंट, म्हणजे लांब मारलेला बॉल घेऊन ९४ यार्ड पळत जाऊन पलीकडच्या टोकाला नेला, टचडाउन केला, सगळ्या पॅकर्सना वाटलं बॉल भलतीकडेच पडतोय. पुढं पॅकर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू जॉर्डन लव्ह कोपर दुखावून बाहेर गेला आणि स्टेडियम चिडीचूप झालं, दादानंही टाळी वाजवली नाही तेव्हा. मिनिटभरच उरलेलं असताना पॅकर्सनी लांबून किक मारून २२-२१ केलं आणि आमच्या मागचा माणूस दादाच्या पाठीवर थोपटून म्हणाला, सवय झाली असेल ना.

मग शेवटच्या तीन सेकंदांत, ५१ यार्डांवरून, परत तोच सँतोस. दादानं डोळेच मिटून घेतले, त्यामुळे बॉल खांबांच्या मधून गेलेला त्यानं बघितलाच नाही, मी हलवून सांगितलं. २४-२२.

आजी दारातच उभ्या होत्या, एवढंच म्हणाल्या, पुढच्या वर्षी गाडी इथंच लावा. गाडीत बसल्यावर दादानं वहिनीला फोन लावला, "सँतोसनं मारला," म्हणाला आणि पुढं त्याला बोलताच येईना.