पावसाच्या रेघा

जुलै महिना, गोदेला पूर. दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागल्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. माझी विद्यार्थिनी मात्र स्क्रीनला नाक लावून बसलेली. "सर, लवकर या! फेज ट्रान्झिशन मिळालं!"

आम्ही बिस्मथ-अँटिमनीच्या मिश्रधातूच्या कांडीवर काम करत होतो. बिस्मथ हा सेमिमेटल, म्हणजे अर्धवट धातू. अतिथंड केला तर लाखभर अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन. त्यात साधारण ७ टक्के अँटिमनी गेलं की तो सेमिकंडक्टर होतो; आम्ही शोधत होतो ते फेज ट्रान्झिशन हेच. फार-इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या लांब लहरींच्या प्रकाशात, हे दिसतं. कमी वारंवारतेचा प्रकाश धातूवरून यावा तसा परततो, आणि एका जागी परावर्तन कड्यावरून कोसळल्यासारखं पडतं. मोकळे वाहक, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, घटले की हा कडा आणखी खालच्या वारंवारतेकडे सरकतो.

तिच्या आलेखात कडा होता, पण त्यावर कंगव्यासारख्या बारीक रेघा. घन पदार्थातले इलेक्ट्रॉन असे टोकदार दात काढत नाहीत.

"सोन्याचा आरसा कधी मोजलास?"

"सकाळी, सर."

"आणि सँपल?"

"आत्ता. मध्ये मशीनचं झाकण उघडलं होतं."

मशीनमधली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे निळे दाणे कधीच गुलाबी झाले होते. दारामागे तिची छत्री निथळत होती. आरसा मोजला तेव्हा हवा कोरडी, सँपलच्या वेळी ओली. सँपलच्या परावर्तनाला आरशाच्या परावर्तनाने भागायचं असतं, आणि हवेतली वाफ ठरावीक वारंवारता शोषून बारीक रेघा पाडते. भागाकारात पाऊस शिल्लक राहिला. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

द्रव नायट्रोजन आम्ही गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पुरवणाऱ्याकडून आणतो. त्याच जारमधून उकळून निघणारा कोरडा वायू तासभर मशीनमधून सोडला. रेघा विरल्या, कडा राहिला.

मग कांडीच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा नायट्रोजनमध्ये बुडवून ब्लेडने टिचवला. बिस्मथ थंडीत अभ्रकासारखा थरावर सुटतो, आत लखलखीत आरसा. तोही ७७ केल्व्हिनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, मोजला, कारण खोलीच्या तापमानाला उष्णताच भरमसाट वाहक तयार करते. कडा भलत्याच जागी! एक कांडी, दोन टोकं, दोन आलेख.

वजन करून ८ टक्के अँटिमनी आम्हीच घातलेलं. पण रस थिजताना जो भाग आधी गोठतो, त्यात अँटिमनी जास्त जातं. म्हणजे कांडीत सगळीकडे ८ नव्हतंच. कदाचित सातचा उंबरठा कांडीच्या मध्येच कुठेतरी होता.

तिने काही न बोलता कांडी आलेखाच्या कागदावर आडवी ठेवली आणि दर ५ मिलिमीटरला मार्करने खुणा करू लागली.