कढी, कधी आणि ॲट द रेट

पेरुगेटाजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. आठ बाय दहाची जागा, दोन मशिनं, एक लेझर प्रिंटर. पुरुषोत्तम करंडक जवळ आला की कॉलेजची पोरं रात्री दहाला वहीची सुटी पानं घेऊन उभी राहायची, "ताई, सकाळी सातला प्रती लागतील." (ताईची काकू कधी झाले ते कळलंही नाही.) एकांकिका टाइप करणं सोपं काम. डावीकडे पात्राचं नाव, पुढे संवाद, हालचाल कंसात. कुणी मार्जिन विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सिरियलवाले लेखक यायचे त्यांची तऱ्हा वेगळी. फुलस्केपला मधोमध घडी, डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. मी ते टेबल टाकून करून द्यायचे. उजवीकडे आत्याबाईंचं पाऊण पानी भाषण आलं की डावीकडे पाऊण पान कोरं, आणि भाषण कापलं की पुढची सगळी पानं हललीच म्हणून समजा.

दुकान बंद केलं, आणि गेल्या वर्षी भाच्याने शॉर्ट फिल्म काढायची ठरवली. गोष्ट माझी. पाडायला निघालेल्या वाड्यातल्या शालनकाकू, शेवटच्या दिवशी सगळ्या बिऱ्हाडांना जेवायला घालतात, एवढीच. मी वहीत लिहून दिली. भाचा म्हणाला, "मावशी, हे फॉरमॅटमध्ये पाहिजे." ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची पानं लावली तिला हे ऐकवायचं म्हणजे कमाल आहे. पण तो म्हणत होता ते खरं होतं. पटकथेचं पान मला लावता येत नव्हतं.

लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छोटा कोर्स केलेला त्याचा एक मित्र आहे. त्याने एका परदेशी सॉफ्टवेअरची ट्रायल टाकून दिली. मी पहिला शब्द टाइप केला, "किती". वेलांटी क सोडून त वर जाऊन बसली. संगणक ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवतो, आणि दाखवताना तिला उचलून अलीकडे आणतो. ही उचलाउचल करणारी यंत्रणा त्या बिचाऱ्यात नव्हतीच. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर सगळं ठीकठाक, पीडीएफ काढली तर जोडाक्षरांचे पाय मोडलेले. तेव्हा मी एक वाक्यच बनवलं:

"किर्लोस्करवाडीच्या स्टेशनवर दुसऱ्या वर्गात ट्रंक, छत्र्या आणि कढीचं पातेलं."

ह्यात सगळी दुखणी आहेत. ऱ्हस्व वेलांटी, डोक्यावरचा रफार, ट खालचा र, छत्र्यांतलं तीन मजली जोडाक्षर, आणि "दुसऱ्या"तला तो आपला चंद्रकोरीसारखा र, जो हिंदीत लागत नाही, म्हणून कित्येकांच्या गावीही नसतो. नवीन काहीही टाकलं की आधी हे वाक्य, मग त्याची पीडीएफ, मग ती पीडीएफ फोनवर उघडून बघायची. पैशाची गोष्ट त्यानंतर. बाहेरच्या देशांत पटकथेसाठी ज्याला सगळे मानतात त्या फायनल ड्राफ्ट ह्या सॉफ्टवेअरची किंमत मी बघितली तेव्हा २५० डॉलरच्या आसपास होती. शूटिंग सुरू झाल्यावर पानांचे नंबर कुलूपबंद करणं, बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर काढणं, हे त्यात उत्तम होतं म्हणतात. आमचं युनिट सहा जणांचं, त्यातले दोघं डबे आणणारे. बदललेलं पान आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवतो.

वेलांटी जागेवर आणणारी सॉफ्टवेअर सापडली, तरी एक गोम राहतेच. ही सगळी इंग्रजीच्या पोटी जन्मलेली. ओळ सगळी कॅपिटलमध्ये दिसली की ते पात्राचं नाव, हे त्यांच्या हाडामांसात. आता आपल्याकडे कॅपिटल आणायचं कुठून? "काकू" हा शब्द मोठ्याने लिहिता येत नाही. कुरिअर फॉन्टचंही तसंच. तो टाइपरायटरचा, प्रत्येक अक्षराला सारखी जागा. १२ पॉइंटला इंचाला १० अक्षरं, ६ ओळी. त्यामुळे पानावरचा मजकूर साधारण ठरलेला, आणि त्यावरून एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब. देवनागरीत "म" आणि "र" यांना सारखी जागा द्या, वाचून दाखवा. शिवाय १२ पॉइंटच्या ओळी तेवढ्याच जवळ लावल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. आणि तो हिशोब अमेरिकेतल्या लेटर कागदाचा, ११ इंच उंचीचा. आपला ए-फोर त्याहून पाऊण इंचाला थोडा कमी इतका जास्त उंच, म्हणजे चार ओळी तिथेच जास्त.

मित्राने मग फाउंटन दाखवलं. हे सॉफ्टवेअर नाही, लिहिण्याची पद्धत आहे. २०१२ साली पटकथाकार जॉन ऑगस्ट आणि स्टू माश्विट्झ वगैरे मंडळींनी आणली. साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्येही चालते, आणि खुणा अशा:

.आंतर. शालनकाकूंचं स्वयंपाकघर. सकाळ

काकू ताक घुसळतात.

@काकू
(मागे न बघता)
कढी केलीय. जेवून जा.

इंग्रजीत सीनचा मथळा इंटिरियर-एक्स्टिरियरच्या आद्याक्षरांवरून आपोआप ओळखतात. आपल्याला आधी टिंब द्यायचं. पात्राच्या नावाला कॅपिटल नाही, तर आधी ॲट द रेट. ही सोय त्यांनी मराठीसाठी केलेली नाही. त्यांच्याकडे नावात एखादं बारीक अक्षर ठेवायचं असेल त्यासाठी केलीय. आपण त्यांच्या गल्लीतून आपली सायकल काढायची.

ते @ बघून मात्र मी खुर्चीत सरळ बसले. माझी पहिली नोकरी शनिवार पेठेत, व्हेंचुरा पब्लिशर ह्या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर. तिथे टेक्स्ट फाइलमध्ये परिच्छेदाच्या सुरुवातीला ॲट द रेट, मग टॅगचं नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग मजकूर, असं टाइप करायचं. फाइल आत घेतली की मथळा मथळ्यासारखा, उपमथळा उपमथळ्यासारखा लागायचा. म्हणजे जे मी विशीत पोटासाठी केलं तेच ही मुलं मला नवीन म्हणून दाखवत होती! भाच्याला सांगितलं तर म्हणे, "मावशी, व्हेंचुरा म्हणजे काय?" जाऊ दे.

फाउंटन वाचणारी बरीच सॉफ्टवेअर आहेत. मॅकवर बीट फुकट आहे, भाचा तेच वापरतो. माझं मशीन जुनं, विंडोजचं, आणि पान आपल्या हाताने लावायची खोड जात नाही. म्हणून मी फाउंटनमध्ये लिहून लिबर ऑफिसमध्ये लावते. पाच स्टाइल, म्हणजे मांडणीचे साचे, केल्या: सीन, वर्णन, पात्र, कंस, संवाद. प्रत्येक स्टाइलला "पुढची स्टाइल" नेमून देता येते. सीननंतर एंटर मारला की वर्णन, पात्रानंतर एंटर मारला की संवाद. महागड्या सॉफ्टवेअरची निम्मी जादू एवढीच असते. आधीच लिहिलेली फाइल असेल तर शोधा-बदला उघडायचं, रेग्युलर एक्स्प्रेशनची खूण करायची, ^@.* (म्हणजे @ ने सुरू होणारी सगळी ओळ) असं शोधायचं, सगळी नावं एकदम निवडली जातात, एफ ११ दाबून "पात्र" स्टाइलवर डबल क्लिक. मग @ काढून टाकायचे. सगळ्या पटकथेची नावं चहा उकळेपर्यंत मध्यावर.

एका ठिकाणी मात्र दोन संध्याकाळी गेल्या. स्टाइलचा फॉन्ट बदलत होते आणि मराठी जागची हलत नव्हती. कारण लिबर ऑफिसात आणि वर्डमध्येही इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि आपला वेगळा असतो. आपण "कॉम्प्लेक्स" लिपीत मोडतो. सेटिंगमधल्या भाषांच्या पानावर त्याची खूण केली की स्टाइलमध्ये दुसरा चौकोन उगवतो, तिथे फॉन्ट आणि साइज वेगळी द्यायची. तिथेच भाषा मराठी करून ठेवायची. चांगल्या फॉन्टमध्ये त्याने ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हिंदी वळणाचा ल बघितला की मला भाजीत खडा लागल्यासारखं होतं.

पानं झाली १८. भाचा खूश, "म्हणजे १८ मिनिटं." मी म्हटलं, थांब. रात्री जेवणं झाल्यावर फोनवर स्टॉपवॉच लावून मी सगळं मोठ्याने वाचलं. संवाद नुसते वाचले नाहीत, मधली कामंही केली. "काकू ताक घुसळतात" ही तीन शब्दांची ओळ. स्वयंपाकघरात जाऊन रवी हातात घेतली आणि खरोखर घुसळलं. लोणी वर यायला किती वेळ लागतो ते घड्याळाला कळू दे. एकूण २३ मिनिटं. भाचा म्हणाला घुसळणं कापू. मी म्हटलं, मग राहिलं काय?

आता रोमनची कथा. कॅमेरा करणारा मुलगा कोट्टायमचा, चार वर्षं कोथरूडला राहतोय, मराठी समजते, वाचता येत नाही. त्याच्यासाठी वर्णन इंग्रजीत आणि संवाद रोमनमध्ये, म्हणजे मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, अशी वेगळी प्रत काढावी, असं भाच्याचं म्हणणं. पटलं, कारण मुंबईतही बरेच जण असंच लिहितात, आणि नावं इंग्रजीत आली की कॅपिटलचा प्रश्नही मिटतो. प्रत काढली. ती वाचनाला चुकून सगळ्यांकडे गेली. वाड्यातला पोरगा करणारा मुलगा, चांगला मराठी माध्यमातला, त्याने रोमनमधलं वाक्य वाचलं, "काकू, कधी केली?" पुढचं वाक्य काकूंचं, "केली की. वाढू का?" सगळे गप्प. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि वाचन दहा मिनिटं थांबलं. वाक्य होतं, "काकू, कढी केली?" ध आणि ढ रोमनमध्ये एकाच कपड्यांत फिरतात, ह्याचं भान पन्नाशीच्या डीटीपीवालीला असायला हवं होतं.

तेव्हापासून नटांना देवनागरी. कॅमेऱ्याला फक्त वर्णन इंग्रजीत, आणि संवादाच्या जागी संवाद कशाबद्दल आहे ती एक ओळ. तो म्हणाला, त्याला तेवढंच हवं होतं. मुळात हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

कुणी प्रॉडक्शन हाउसने उद्या फायनल ड्राफ्टची फाइल मागितली तर काय, असं मित्र विचारतो. मागू दे. फाउंटनची फाइल तिथे नेता येते, आणि नाहीच नेता आली तरी ती नोटपॅडमध्ये उघडते. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतल्या माझ्या शेकडो फाइली माळ्यावरच्या सीड्यांवर पडल्यात. उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. कुणाकुणाच्या पहिल्या एकांकिका आहेत त्यांत. त्यामुळे सॉफ्टवेअर कितीही गोजिरं असू दे, मी आधी बघते की माझा मजकूर त्याच्याशिवाय वाचता येतो का.

शालनकाकू करणाऱ्या बाई राज्य नाट्यस्पर्धेत वर्षानुवर्षं कामं केलेल्या आहेत. परवा त्यांच्या घरी प्रत द्यायला गेले. चष्मा लावून त्यांनी पहिलं पान लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाल्या, "छान लावलंयस गं. अक्षर तेवढं मोठं करशील?" घरी येऊन संवादाची स्टाइल १३ची १६ पॉइंट केली. २५ पानं झाली. भाच्याने आल्या आल्या वजन करून बघितल्यासारखी प्रत हातात तोलली आणि विचारलं, "मावशी, सीन वाढवलेस का?"