गिंबल घेऊ का?

लग्नाचं शूटिंग करणारी सोलापुरातली नवी पोरं भेटली की हमखास विचारतात, "दादा, गिंबल घेतला की शॉट स्मूद येतील ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: अर्धे येतील.

गिंबल म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा मोटारींचा दांडा. त्याच्या तीन मोटारी कॅमेऱ्याचं वळणं, झुकणं आणि कलणं सांभाळतात. सेन्सर हाताची हालचाल मोजतो, मोटार तेवढीच उलट फिरते. पण चालताना अख्खं अंगच पावलागणिक वर-खाली होतं, त्याला ती काय करणार? गॅरेट ब्राऊन यांनी १९७०च्या दशकात स्टेडीकॅम, म्हणजे अंगावर बांधून कॅमेरा स्थिर ठेवायचं साधन, बनवला, त्यात या मोटारी नव्हत्याच. अंगातल्या जाकिटाला जोडलेला स्प्रिंगचा हात पावलांचे धक्के गिळायचा. नुसत्या हातात धरलेल्या गिंबलला तो नसतो. मग ते काम गुडघ्यांचं. किंचित वाकून, टाच आधी टेकवत चालायचं. मंगल कार्यालयात पाहुणे हसतात, हसू द्या.

बॅलन्स करायचा मात्र सगळ्यांनाच कंटाळा. "मोटार आहे की!" अहो, तोल नसेल तर मोटारी कॅमेरा पेलण्यातच दमतात, तापतात, बॅटरी खातात, आणि फ्रेममध्ये बारीक थरथर येते ती वेगळीच. गिंबल बंद असताना कॅमेरा जिथे सोडाल तिथे थांबला पाहिजे. लेन्स बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

मोबाईलचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हललेलं चित्र सॉफ्टवेअरने सावरणं, उन्हात चालतं. रात्रीच्या वरातीत शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हात हलला की चित्र त्या फ्रेममध्येच फरपटतं. सॉफ्टवेअर फ्रेम जागेवर आणतं, फरपट तशीच राहते. तिथे गिंबलला पर्याय नाही.

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत मात्र मी तो बॅगेतच ठेवतो. एकतर गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. शिवाय बाराबंदीतला, म्हणजे पारंपरिक पांढऱ्या पोशाखातला, माणूस नंदीध्वजाची ती उंच काठी तोलत येतो, काठी झुलते, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" घुमतं. अशा वेळी कॅमेरा तरंगत गेला की ध्वजाचं वजनच निघून जातं. हातात धरलेला, थोडा हलणारा शॉट मला तिथे खरा वाटतो.

लग्नांसाठी घ्या, जरूर घ्या. फक्त दुकानात जाण्याआधी कॅमेरा, सगळ्यात जड लेन्स आणि माईक एकत्र काट्यावर ठेवा. किराणावाल्याचा काटाही चालेल. त्या वजनापेक्षा बऱ्यापैकी जास्त पेलणाराच घ्या.