पाटीवर एक, तोंडात दुसरं: तूर अब्दीन

तुर्कस्तानातलं मार्दिन शहर भारी आहे, फोटोत दिसतं तसंच, फक्त गर्दी मरणाची. जवळच्या मिद्यात शहरात टीव्ही सिरियलवाल्या हवेलीसमोर सेल्फीची रांग. ते सगळं सोडा, मला हाह गावाबद्दल सांगायचंय.

तुर्कस्तानच्या आग्नेयेचा हा पट्टा म्हणजे तूर अब्दीन. सुरियानीत, म्हणजे इथल्या ख्रिश्चनांच्या जुन्या भाषेत, तूर म्हणजे डोंगर, अब्दीन म्हणजे दास, थोडक्यात देवाच्या दासांचा डोंगर. अब्दुल्लामधला अब्द तो हाच. दास म्हणजे इथले मठवासी, मोर (म्हणजे संत) गब्रिएलचा मठ 397 सालचा आहे आणि अजून नांदता आहे. पण डोंगर म्हणाल तर सह्याद्री बघितलेल्या माणसाची घोर निराशा होते हो! चुनखडीचं उंचसखल पठार, द्राक्षमळे आणि डोकं उठवणारं ऊन.

टॅक्सीवाल्याला हाह म्हटलं तर कळेना, कारण पाटीवर 'अनितली'. विसाव्या शतकात सरकारने इथल्या गावांना तुर्की नावं दिली. कफर म्हणजे खेडं, तर कफरझेचं झालं अल्तिनताश, म्हणजे सोन्याचा दगड, आता कुठलं सोनं आणि कुठला दगड! त्यातल्या त्यात ऐन वर्दोचं नशीब बरं, गुलाबाचा झरा हा अर्थ तसाच ठेवून ग्युलग्योझे केलं. सुरियानी ख्रिश्चनांच्या 1915 च्या कत्तलीत, जिला हे लोक सैफो म्हणजे तलवार म्हणतात, आसपासची माणसं जीव वाचवायला याच ऐन वर्दोत जमली होती आणि वेढा पडला तरी हटली नाहीत. अशा गावाचं नाव कुणीतरी ऑफिसात बसून बदलायचं, मला तर वाचूनच चीड येते.

हाहमधे मरियमचं जुनं चर्च बघून बाहेर आलो तर एका आजोबांनी अंगणात बसवलं. चहा, आणि दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या पाकात बुडवलेले अक्रोड, वरून पीठूळ आणि आत चिवट. हाह घशातून कसं म्हणायचं ते माझ्याकडून घोटून घेतलं, माझा ह त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. पैसे काढले तर हात झटकला. भारतातला म्हटल्यावर लगेच, "केरळ?" यांचे पॅट्रिआर्क, म्हणजे सुरियानी चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, इग्नाशिअस एलिआस तिसरे 1932 मधे केरळात मांजिनिक्कराला वारले, कबर तिथेच आहे. तू पाहिलीस का? नाही म्हटलं तर चक्क वैतागले माझ्यावर, एवढं जवळ राहून!