गुलाल आणि शिळा डेव्हलपर

रविवार, रात्री साडेअकरा

घरी स्लाइड फिल्म धुवायचं ई-सिक्सचं किट तीन वर्षं कपाटात पडून होतं. चांगला रोल हाती येईल तेव्हाच फोडायचं म्हणून जपलेलं. मुदत केव्हाच टळली. चैत्र यात्रेत जोतिबाला काढलेला एक्टाक्रोमचा रोल आज शेवटी त्यातच धुतला.

पहिल्या डेव्हलपरची, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाची, बाटली उघडली, तर आत कोऱ्या चहाचा रंग. फिल्मच्या तोंडाचा तुकडा उजेडातच बुडवून बघितला. काळा पडला, पण रेंगाळत. म्हणजे जीव आहे, जोर नाही. साडेसहाऐवजी आठ मिनिटं दिली. एक स्टॉप पुश करायला, म्हणजे निम्माच पडलेला उजेड धुताना भरून काढायला, साधारण दोन वाढवतात, त्या हिशोबाने दीड पुरेल असं वाटलं. (दहा द्यायला हवी होती.)

पाणी ३८ अंशांवर धरायला आजीचं घंगाळ काढलं आणि बंबातलं पाणी तांब्या-तांब्याने ओतत बसलो. मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांनी ह्याच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला. मला एक घंगाळ सांभाळेना. आई दारातून म्हणाली, "काय काढा उकळालाईस रं न्हाणीत?"

फिल्म बाहेर आली ती दुधाळ. ओली असताना तशीच दिसते हे माहीत असूनही पोटात गोळा आला. पावसाळी हवा, वाळायला चार तास. वाळली तरी काळपटच. आधी संशय ब्लिक्सवर, म्हणजे शेवटी चांदी काढून टाकणाऱ्या रसायनावर, घेतला, कारण ती चूक निस्तरता येते: चांदी राहिली असेल तर उजेडातही पुन्हा बुडवायची. बुडवली. काडीचा फरक नाही. मग दोष पहिल्या डेव्हलपरचाच, आणि त्याला औषध नाही. स्लाइडचं गणित उलटं. तो कमी पडला की त्याच्या वाट्याची चांदी मागे राहते, पुढे रंग होऊन बसते आणि फोटो गडद होतो. गुलाल कोकमाच्या आगळासारखा आलाय. सासनकाठ्यांखालची माणसं तर दिसतच नाहीत.

शेवटच्या चार फ्रेम मात्र नेमक्या. गर्दीत मीटर न बघता काढलेल्या, स्टॉपभर जास्तच उजेड घेतलेल्या. त्या दिवशी त्यांच्यावरूनच स्वतःला शिव्या घातल्या होत्या.

आईने पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. "ह्यो बरा आलाय. बाकीचं रात्री काढलंस व्हय?"

दुपारी बाराचे होते.