हॉब्ज, लॉक आणि जोतीराव : लॉच्या पहिल्या वर्षातला एक पेपर

पाच वर्षांच्या लॉला प्रवेश घेतला की सुरुवातीला कायद्याच्या विषयांबरोबर राज्यशास्त्राचेही पेपर द्यावे लागतात. पाश्चात्त्य आणि भारतीय राजकीय विचार हा त्यातला एक, प्लेटोपासून आंबेडकरांपर्यंत सगळं एका सेमिस्टरमध्ये. विचारवंत, ग्रंथ, सिद्धांत, टीका असे मुद्दे पाठ करा, पेपर सुटतो, असं सीनियर सांगतात. सुटतोही. पण मी सामाजिक करारापाशी अडकले. माणसांनी आपसांत करार करून राज्य उभं केलं हे इंग्लिश तत्त्वज्ञ हॉब्ज १६५१मध्ये सांगतो, दुसरा इंग्लिश तत्त्वज्ञ लॉकही १६८९मध्ये तेच सांगतो. मग दोघांवर वेगवेगळे प्रश्न कशासाठी?

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "पुस्तक मिटून ठेव. १९७६चा हॅबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढ आणि त्यातलं न्या. खन्नांचं मत आधी वाच."

एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला. आणीबाणी चालू, माणसं मिसा या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात, आणि कलम २१साठी, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, कोर्टात जायची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद केलेली. पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर काही उपाय आहे का, असं खन्नांनी सुनावणीत विचारलं. आणीबाणी असेपर्यंत नाही, असं ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना कबूल करावं लागलं. तरीही पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने कौल दिला. खन्ना एकटे वेगळे राहिले. त्यांचं म्हणणं असं की, जगण्याचा हक्क कलम २१मधून जन्मलेला नाही. ते कलम नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घ्यायचा अधिकार राज्याला नाही. पुढे १९७७मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

हे वाचून लॉककडे वळले आणि गाठ सुटली. लॉकच्या मते हक्क आधी, राज्य नंतर. राज्य फक्त राखणदार. हॉब्ज मात्र शांततेसाठी जवळजवळ सगळं सार्वभौम सत्तेच्या हवाली करतो. जवळजवळ म्हणण्याचं कारण आहे : सार्वभौम जीवच घ्यायला आला तर प्रतिकार करायची मोकळीक हॉब्जही माणसाकडे ठेवतो. सरकारचा त्या दिवशीचा युक्तिवाद किती टोकाचा होता, हे मला या ओळींनी दाखवलं.

भारतीय भागात कौटिल्याची सात अंगं पाठ करणं सोपं : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र. 'प्रजासुखे सुखं राज्ञः' हे वचनही सगळे लिहितात. पण राजाने ते पाळलं नाही तर प्रजेने कुणाकडे दाद मागायची, हा प्रश्न आता मला सोडेना. त्याचं उत्तर जोतीराव फुल्यांकडे सापडलं. 'राइट्स ऑफ मॅन' लिहिणारा थॉमस पेन त्यांनी वाचलेला होता, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. पण १८९१च्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त ते म्हणतात की, निर्मिकानेच, म्हणजे जग निर्माण करणाऱ्यानेच, सगळ्या स्त्री-पुरुषांना हक्क दिलेत, तेव्हा कुणी कुणावर जबरी करू नये. राजा, जात, नवरा, कुणाच्याच मेहेरबानीवर तो हक्क अवलंबून नाही. लॉकच्या विवेचनात बायका अशा बरोबरीने नाहीत. आपल्या भाषेत इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना अभ्यासक्रमात फुल्यांना 'समाजसुधारक' म्हणून दोन पानांत उरकतात, याचा मला खरंच राग येतो.

परीक्षेत नैसर्गिक हक्कांवर प्रश्न आला. लॉक मांडला, शेजारी फुले ठेवले आणि शेवटी खन्ना. गुण चांगले पडले.

'हिंद स्वराज' अजून मला पूर्ण पटलेलं नाही. त्याला वेळ द्यायचा आहे. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण मात्र प्रत्येकाने पेपरच्या आधी मुळातून वाचावं. थोर माणसाच्याही पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका, हा इंग्लिश विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा ते तिथे आपल्या लोकांना देतात. आता संविधानाचा पेपर सुरू झालाय, म्हणून खासगीपणाच्या हक्कावरचा २०१७चा पुट्टस्वामी निकाल वाचायला घेतलाय. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला आणि खन्नांचं मत उचलून धरलं. खासगीपणाचा विचार कुठून आला हे सांगताना त्यात ॲरिस्टॉटल आणि मिलही येतात, आणि ती पानं मला आता अडखळत वाचावी लागत नाहीत.