कालव्याकाठचे २९७ किलोमीटर : सायकल मोहिमेच्या आखणीचा माझा अनुभव

अमेरिकेतील चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठाने, सायकलवरच तंबू आणि अंथरूण बांधून जायचे ठरले, त्याच संध्याकाळी मी पहिली चूक केली. १८४.५ मैलांना, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटरांना, मी चाराने भागले आणि रोज ७४ किलोमीटरांचे सुबक वेळापत्रक लिहून काढले. कंबरलँडपासून वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउनपर्यंत वाट ६०५ फूट खाली उतरते, तेव्हा सगळे सोपेच जाईल, असा माझा हिशेब होता.

या वाटेवरून पूर्वी खेचरे बोटी ओढत चालत आणि बोटी ७४ लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी चढवता-उतरवता येणाऱ्या दरवाजांच्या कोठ्यांमधून, पायरीपायरीने वरखाली जात. कालव्याचे आणि बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचे काम एकाच दिवशी, ४ जुलै १८२८ रोजी सुरू झाले; रेल्वे कंबरलँडला १८४२ मध्ये पोहोचली आणि कालवा १८५० मध्ये, म्हणजे पुरा होण्याआधीच तो शर्यत हरला होता. १९२४ च्या पुरानंतर बोटी थांबल्या. पुढे येथे मोटाररस्ता करण्याचा बेत होता, त्याला विरोध म्हणून न्यायमूर्ती विल्यम डग्लस १९५४ मध्ये ही वाट पायी चालले आणि १९७१ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली. हे सारे मी हौसेने वाचत होतो. पण त्यातली खेचरे आखणीच्या कामाला आली, कारण त्यांच्यासाठी केलेली वाट आजही बऱ्याच ठिकाणी मातीचीच आहे.

मातीचा अर्थ सरावाच्या दिवशी समजला. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि पूर्ण सामान लादून मी जेमतेम बारा किलोमीटर गेलो असेन, तोच मागचे चाक फिरेनासे झाले. चिखल आणि पाने मडगार्डच्या आत दाबून बसली होती, आणि काडीने ती उकरून काढावी, तर शंभर पावलांवर चाक पुन्हा अडे. घरी आल्यावर मडगार्ड काढले, ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर बसवले आणि सीटखालची पिशवी टायरला घासत होती म्हणून तंबू हँडलबारवर नेला. एवढ्या अंतरात ६०५ फूट म्हणजे सपाटीच आणि सपाटीवर पाय क्षणभरही मोकळे सुटत नाहीत, हेही त्याच दिवशी उमगले. चाराचे पाच दिवस झाले.

त्यानंतर वेळापत्रक मुक्कामावरून मांडले. काठावर सायकलस्वारांसाठी आणि पदयात्रींसाठी तळ आहेत. तेथे पैसे पडत नाहीत, जागा आधी येईल त्याची आणि एका तळावर एकच रात्र राहता येते. पाणी हातपंपाचे असते, त्यात आयोडीन मिसळलेले असते. मात्र हिवाळ्यात, किंवा पाण्याची तपासणी समाधानकारक नसेल तेव्हा, पंपाचा दांडाच काढून ठेवतात. म्हणून मी दोन तळांचे पाणी जवळ बाळगायचे ठरवले आणि त्यासाठी एक जाड स्वेटर घरी ठेवला. कंबरलँड सोडल्यावर हॅन्कॉकपर्यंतच्या सुमारे ९७ किलोमीटरांत मोठे गाव नाही, त्यामुळे दोन दिवसांचे खाणे सुरुवातीलाच घ्यावे लागणार होते.

शेवटचा दिवस मी सर्वांत आधी पक्का केला. मैलांचे आकडे जॉर्जटाउनपासून मोजलेले आहेत आणि त्या टोकाकडचा अखेरचा तळ १६.६ व्या मैलावर आहे. त्यापुढे असा तळ नाही. तेथून उलटे मोजत आलो, तेव्हा पहिल्या दिवसाच्या वाट्याला पॉ पॉ बोगद्यापर्यंतचे सुमारे ४७ किलोमीटर आणि त्यापलीकडचा पहिला तळ आला. हा ३,११८ फुटांचा बोगदा बांधायला १८३६ ते १८५० अशी चौदा वर्षे लागली. आत अरुंद वाट, एका बाजूला लाकडी कठडा आणि त्याखाली कालव्याचे काळे पाणी. सायकल हातात धरून चालणेच शहाणपणाचे.

प्रत्यक्षात दुपारी चारच्या सुमारास मी बोगद्याच्या तोंडाशी पोहोचलो, ठरल्यापेक्षा तासभर उशिरा. बत्ती लावली, हँडलबारवरचा तंबू कठड्याला अडकू नये म्हणून सायकल भिंतीकडे घेतली आणि दूरवरच्या नाण्याएवढ्या उजेडाकडे चालू लागलो.